84 गोळ्यांच्या आधी

हिपॅटायटिस सी म्हटलं की लोक विषाणूबद्दल विचारतात, नाहीतर औषधाबद्दल. माझं काम या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात चालतं. मी फार्मासिस्ट आहे. बी. फार्म. पुण्यात झालं, पुढचं शिक्षण आणि नोकरी अमेरिकेत. पूर्व किनाऱ्यावरच्या एका यकृतविकार क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी औषध लिहून दिल्यापासून पहिली गोळी रुग्णाच्या हातात पडेपर्यंतचा काळ माझ्याकडे असतो. माझ्याकडे म्हणजे त्याचा हिशेब मी ठेवते. तो किती लांबावा हे ठरवणारे दुसरेच असतात.

उपचार आता इतका सोपा झाला आहे की रुग्णांचा त्यावर विश्वास बसत नाही. सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर एकत्र असलेली एक गोळी रोज, बारा आठवडे. म्हणजे 84 गोळ्या. किंवा ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविरच्या तीन गोळ्या रोज जेवणाबरोबर, बहुतेकांना आठच आठवडे. शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तर आम्ही 'क्युअर' हा शब्द वापरतो. विषाणूंच्या जुनाट आजारांत हा शब्द आम्हाला फारसा वापरायला मिळत नाही.

इंटरफेरॉनच्या काळात असं नव्हतं. हा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. तोवर त्याला धड नावही नव्हतं, 'ए नाही, बी नाही असा हिपॅटायटिस' एवढीच त्याची ओळख. नंतर आलेल्या उपचारात आठवड्याला इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन, सोबत रिबाविरिनच्या गोळ्या, आणि जनुकप्रकार 1 असेल तर हे 48 आठवडे. ताप, केस गळणं, रक्त कमी होणं, मनावर मळभ. एवढं सोसून जनुकप्रकार 1 चे जेमतेम निम्मे रुग्ण बरे व्हायचे. त्यामुळे ज्यांचं यकृत अजून धड होतं, त्यांना डॉक्टर स्वतःच सांगत, 'थांबा, चांगलं औषध येतंय.' ते थांबणं शहाणपणाचं होतं, कारण औषध खरोखरच येत होतं.

ते आलं 2013 च्या डिसेंबरात. सोफोसबुविरला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची, मान्यता मिळाली. (शोधक मायकेल सोफिया यांचं आडनाव औषधाच्या नावातच आहे.) गिलिएड कंपनीने गोळीची किंमत लावली 1,000 डॉलर. 84 गोळ्यांचे 84,000 डॉलर. आपल्याकडे 84 चा आकडा लक्ष योनींच्या फेऱ्यासाठी राखीव आहे. अमेरिकेतल्या रुग्णांना तो फेरा याच जन्मात भेटला. सिनेटच्या अर्थ समितीच्या दोन सदस्यांनी, रॉन वायडन आणि चक ग्रासली यांनी, कंपनीची कागदपत्रं मागवून 2015 च्या डिसेंबरात अहवाल दिला. एवढ्या किमतीला अनेकांपर्यंत औषध पोहोचणार नाही याची कल्पना असूनही महसूल वाढवण्याच्या हिशेबानेच ती ठरवली गेली, असा त्याचा निष्कर्ष होता.

किंमत इतकी म्हटल्यावर पैसे देणाऱ्यांनी दारं लावून घेतली. त्या दाराला इथे 'प्रायर ऑथरायझेशन' म्हणतात, बोलताना नुसतं 'पीए'. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध खरंच लागतं का, हे विमा कंपनी किंवा सरकारी योजना आधी तपासणार, मगच पैसे देणार. तत्त्व म्हणून यात वावगं काही नाही. पण गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत अनेक राज्यांनी तेव्हा ज्या अटी घातल्या, त्या मी अजून विसरलेले नाही. यकृतातला व्रण एफ3 किंवा एफ4 पायरीला पोहोचलेला हवा. सहा महिने दारू आणि नशेच्या पदार्थांपासून दूर असल्याचा पुरावा हवा. औषध लिहिणारा तज्ज्ञच हवा.

पहिल्या अटीचा अर्थ पाहा. एफ4 म्हणजे सिरॉसिस. विषाणू गेला तरी सिरॉसिस झालेल्या यकृतात कर्करोगाची जोखीम उरते, म्हणून अशा रुग्णाला पुढे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावं लागतं. जो माणूस आज बरा होऊन क्लिनिकचा रस्ता विसरला असता, त्याला आयुष्यभराचा रुग्ण होईपर्यंत थांबवायचं, आणि वर याला काटकसर म्हणायचं. दुसरी अट तर आणखी उफराटी. इथे नवा संसर्ग पसरतो तो मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांमध्ये. त्यांनाच औषध नाकारलं, तर विषाणू पुढे जातच राहणार.

या अटी वैद्यकीय भाषेत लिहिलेल्या असत, हे मला जास्त खटकायचं. 'व्रणाच्या पायरीनुसार प्राधान्य', 'उपचार पाळण्याची तयारी'. वाचणाऱ्याला वाटावं, कुणीतरी रुग्णाचाच विचार केला आहे. 2015 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या यंत्रणेने राज्यांना पत्र लिहून अशा अटींबद्दल कान टोचले. 2016 च्या मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यात फेडरल न्यायाधीशाने व्रणाची अट थांबवली. दुसरीकडे स्पर्धेने किमती उतरल्या. एकेक राज्य अटी सोडत गेलं, आणि काहींनी तर पीएच काढून टाकला.

सगळ्यांनी नाही. आणि खासगी विम्यात फॉर्म आहेच.

फॉर्ममध्ये जनुकप्रकार विचारतात. आताची औषधं सगळ्या प्रकारांवर चालतात, पण रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत. विषाणूंची मोजणी ठरावीक मुदतीतलीच हवी. मुदत टळली की रुग्णाला पुन्हा रक्त द्यायला बोलवा. कुणी संसर्ग सहा महिन्यांहून जुना असल्याचा पुरावा मागतं. मेडिकेडच्या कायद्यात विनंतीला 24 तासांत उत्तर द्यायची सक्ती आहे, आणि उत्तर खरंच येतं. ते असतं, 'अधिक माहिती पाठवा'. उत्तर दिलं, कायदा पाळला गेला. मग आम्ही माहिती पाठवतो, फॅक्सने. होय, 2020 नंतरच्या दशकातही फॅक्सच. नकार आला तर अपील, किंवा 'पीअर टू पीअर': आमच्या डॉक्टरांनी कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायचं. पलीकडचे डॉक्टर कधी अस्थिरोगतज्ज्ञही निघतात. बिचारे नम्र असतात, पाच मिनिटांत मान्य करतात. मग आधी नाकारलं कशाला, असं विचारायचा मोह होतो. पण मंजुरी हातात असताना कुणी विचारत नाही.

तरीही सगळंच थांबणं फुकट नसतं, हे मला माझ्याच क्लिनिकमधल्या तरुण सहकाऱ्यांना सांगावं लागतं. औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासायलाच हवा. दोन्ही विषाणू एकाच यकृतात असले तर सी बहुधा बी ला दाबून ठेवतो. सी ला हाकललं की बी उसळी मारू शकतो. 2016 च्या ऑक्टोबरात एफडीएने यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तेव्हा त्यांच्यापुढे असे 24 रुग्ण होते. त्यांतले दोघे दगावले आणि एकाचं यकृत बदलावं लागलं. ही तपासणी दोन दिवस घेते, आणि ते दोन दिवस थांबलंच पाहिजे.

तशीच रुग्णाच्या चालू औषधांची यादी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुविरने ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. फिटसाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्याच्या रक्तात आमचं औषध पुरेसं टिकत नाही. आणि ओमेप्राझोल! पित्ताची ही गोळी लोक औषध समजतच नाहीत. वेल्पाटासविर पोटात विरघळायला आम्ल लागतं, आणि ओमेप्राझोल नेमकं तेच कमी करतं. 'कोणती औषधं घेता?' याला 'काही नाही' असं उत्तर मिळालं की मी विचारते, 'पित्तासाठी? झोपेसाठी? शक्तीसाठी?' मग यादी निघते.

मराठी घरांत चौथा प्रश्न विचारावा लागतो: काढा? यकृत 'साफ' करायला म्हणून मंजुरी येईपर्यंत गुळवेल सुरू झालेली असते, गावाहून आलेली किंवा इथल्या भारतीय दुकानातली. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. एवढंच सांगते, 'काका, 84 दिवस काढा बंद. नंतर तुम्ही आणि तुमचे डॉक्टर.' माझ्या आवाजातलं पुणं ओळखून बहुतेक काका ऐकतात.

या काकांना संसर्ग कुठून झाला हे बहुधा कधीच कळत नाही. भारतात रक्तपेढ्यांमध्ये सी ची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात रक्त चढवलेलं असेल. किंवा इंजेक्शन घेतल्याशिवाय ताप उतरत नाही अशी खात्री असलेल्या काळात तालुक्याच्या दवाखान्यात, नीट न उकळलेल्या काचेच्या सिरिंजमधून. विषाणू वीस-तीस वर्षं गप्प बसतो. घरात मात्र 'कसं झालं?' हाच प्रश्न फिरत राहतो आणि त्यामागे संशय असतो. म्हणून मंजुरीच्या काळात मी एक फोन केवळ घरच्यांसाठी ठेवते. एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. घरातल्यांनी एकदा तपासून घ्या.

त्या फोनवर आणखी एक गोष्ट विचारली जाते, आवाज खाली आणून: 'भारतातून आणू का?' प्रश्न वेडगळ नाही. 2014 मध्ये गिलिएडने सात भारतीय कंपन्यांना सोफोसबुविर बनवण्याचे परवाने दिले. 2015 च्या मार्चमध्ये हैदराबादच्या नॅटकोने 28 गोळ्यांची बाटली 19,900 रुपयांना बाजारात आणली. तेव्हाच्या दराने अशा तीन बाटल्या, म्हणजे अख्खा उपचार, मिळून अमेरिकेतल्या एका गोळीएवढ्या किमतीलाही भरत नव्हता. त्या काळात ऑस्ट्रेलियातून, युरोपातून लोक या गोळ्या मागवत होते. फार्मासिस्ट म्हणून मी 'आणा' म्हणू शकत नाही. इथे मान्यता नसलेलं औषध आयात करणं कायद्यात बसत नाही. पण मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांचं निदान इथे झालं, तर मी स्पष्ट सांगते: परत जा आणि तिथे घ्या. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर-डॅक्लाटासविर, असेल तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर. प्रवासी विम्याच्या फॉर्मशी झगडण्यापेक्षा सरकारी रुग्णालयाची रांग बरी.

मंजुरी आल्यावर संपलं असं रुग्णांना वाटतं. मला तेव्हा जास्त काळजी असते. हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. 'स्पेशालिटी फार्मसी' नावाच्या, बहुधा दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून येतं. आधी त्यांचा फोन: पत्ता नक्की करा, कोपे, म्हणजे तुमच्या खिशातला वाटा, किती ते ऐका, पार्सल घ्यायला कोण घरी असेल ते सांगा. फोन अनोळखी नंबरावरून येतो, आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही हे या देशात प्रत्येकजण शिकला आहे. उचलला नाही तर पार्सल निघत नाही. निघालं तर सही करायला प्रौढ माणूस दारात हवा. कामावर गेलेल्याच्या दारात तो कुठून असणार? इंटरफेरॉन बर्फाच्या पाकिटांसोबत थर्मोकोलच्या खोक्यात यायचं, कारण ते खराब होत असे. या गोळ्या साध्या खोलीत कपाटावर छान राहतात. सहीचा बंदोबस्त आहे तो किमतीसाठी. ज्यांना घरच नाही त्यांची पार्सलं आम्ही क्लिनिकच्या पत्त्यावर मागवतो. आणि हे सगळं दर 28 दिवसांनी पुन्हा.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे वेगळीच घाई असते. मंजुरी रुग्णाला मिळत नाही, त्याच्या विमा कार्डावरच्या नंबराला मिळते. नोव्हेंबरात सुरू केलेले बारा आठवडे 1 जानेवारी ओलांडतात आणि त्या दिवशी अनेकांचा विमा बदलतो. नवी कंपनी, नवा फॉर्म, आणि शेवटची बाटली अडकलेली. म्हणून सप्टेंबरपासूनच मी प्रत्येकाला विचारते, 'जानेवारीत विमा हाच राहणार ना?' औषधशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रश्न नाही.

रोगनियंत्रणाची इथली सरकारी संस्था सीडीसीने 2022 च्या ऑगस्टमध्ये काही आकडे प्रसिद्ध केले. निदानानंतर वर्षभरात ही औषधं सुरू झाली ती खासगी विमा असलेल्या 35 टक्के लोकांना, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअरवरच्या 28 टक्क्यांना आणि मेडिकेडवरच्या 23 टक्क्यांना. विमा असलेल्यांचे हे आकडे आहेत. उरलेल्यांनी नकार दिला होता असं नाही. कुणाचा फोन बंद झाला, कुणी गाव सोडलं, कुणाला वाटलं की आपल्याला कळवणारच असतील.

2024 च्या जूनमध्ये एफडीएने बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तासाभरात विषाणू सांगणारी चाचणी मान्य केली. म्हणजे माणूस खुर्चीतून उठायच्या आत निदान होऊ शकतं. पण आमच्या कपाटात त्याला द्यायला औषध नसतं, कारण कुणाच्या तरी नावावर दावा मंजूर झाल्याखेरीज इतकी महाग बाटली विकत घेऊन ठेवायला कोणी तयार नाही. ग्लेकाप्रेविरचा महिन्याचा खोका आठवड्या-आठवड्यांच्या चार छोट्या खोक्यांचा असतो. माझी मागणी आहे की बी ची तपासणी आणि औषधांची यादी झाली की असा एक खोका लगेच हातात द्यावा, फॉर्म मागाहून जाईल. मधेच मंजुरी अडकली तर उपचार तुटेल, असा सहकाऱ्यांचा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. पण मी पाठवलेली अपिलं अखेरीस बहुतेक मंजूरच होतात. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत हा विषय पुन्हा आहे. खोक्याचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, इथे तो अडला आहे.