वाटणी

आडतीवर धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. संगणक त्याच्याही वरताण. तो पहिल्या मापाला शून्य म्हणतो. पण पेवात ज्वारी किती मावते हा प्रश्न वेगळा आणि मापाऱ्याला कुठवर मोजता येते हा वेगळा.

हा फरक मला १९९० साली कळला. दादाने आमच्या आडत दुकानाच्या हिशेबासाठी सोलापूरहून संगणक आणला होता. आमचे गाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद. सरकारदरबारी धाराशिव व्हायला २०२३ उजाडावे लागले, घरात मात्र दुसरे नाव कुणी घेतल्याचे आठवत नाही. संगणकातली हार्ड डिस्क ४० मेगाबाइटची. १९८३ च्या आयबीएम एक्सटीत १० च असत. त्या मानाने हा चौसोपी वाडाच! जोडणी करायला आलेला पोरगा म्हणाला, “हिचे पार्टिशन करावे लागेल. वाटणी हो. ३२ एकीकडे, ८ दुसरीकडे.”

ओटीवर ज्वारी पाखडणाऱ्या आईचे हात थांबले. वडील गेल्यापासून दादा आणि काका यांच्यात तोच शब्द घोळत होता.

आता, जागा काही कमी नव्हती. डॉस ३.३ डिस्कवरचे कप्पे सोळा बिटांच्या आकड्याने मोजी आणि त्या आकड्यात ६५,५३६ च्या वर कप्पे बसतच नाहीत. एका कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार केला की ३२ मेगाबाइट. पुढची जागा तबकडीवर असे, पण मोजणाऱ्याच्या लेखी नसे. १९८८ च्या डॉस ४ ने ही अडचण काढली होती, पण पुष्कळ जण जुन्यालाच धरून होते.

पुढे ५०४ मेगाबाइटांवर गाडी पुन्हा अडली. तिथे तर मापारी दोन! बायॉस १,०२४ सिलिंडरांपुढे जाईना, पण हेड २५६ मोजी. डिस्कची जोडणी सिलिंडर हजारोंनी मोजी, पण हेड सोळाच. प्रत्येक बाबतीत ज्याचे माप थोटके तेच धरायचे. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे हट्टी म्हातारे एकत्र आले की असेच होते.

आमच्याकडे काकांचे खाते आठाच्या कप्प्यात गेले. दिवाळीनंतर वाड्यातही भिंत आली. विहीर आणि दुकान सामाईक राहिले. बोलणे मात्र मुनिमामार्फत.

१९९१ मध्ये डॉस ५ आले. ते घेऊन पोरगा पुढच्या वर्षी आमच्याकडे आला. म्हणाला, “आता अख्खी डिस्क एक करता येईल. फक्त आधी दोन्हीकडचे सगळे पुसावे लागेल. नक्कल फ्लॉप्यांवर उतरवून घेऊ.”

“काकांचे खाते त्यांना विचारल्याशिवाय पुसता येणार नाही,” दादा म्हणाला. मुनीम उठू लागला. त्याला हातानेच बसवून दादा परसात गेला आणि भिंतीपाशी उभा राहून त्याने हाक मारली. दीड वर्षात पहिल्यांदाच.

काका टोपी सावरीत आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग कनवटीची चंची सोडीत विचारले,

“फ्लॉप्या किती लागतील?”