सोयाबीनचं काळं पाणी

खरिपात आमच्या बोरी अरब गावच्या कुठल्याही धुऱ्यावर उभं राहा, कपाशी-तूर नाहीतर सोयाबीन. शंभरेक दिवसांत ते कापणीला येतं, दसरा-दिवाळीच्या सुमारास थ्रेशरमधून पोत्यात आणि पोत्यातून थेट बाजारात जातं. घरात उरलंच तर बियाण्यापुरतं. ज्वारी-तुरीसारखी त्याला डब्यात जागा नाही. कारखान्यात त्याचं तेल निघतं, उरलेल्या पेंडेच्या वड्या होतात, आणि त्याच वड्या आपण किराण्यातून पाकीट फोडून खातो.

म्हणून पुण्याहून आलेल्या भाचीनं सोया सॉसची बाटली ओट्यावर ठेवली, तेव्हा मला जरा गंमत वाटली. कोरियन मालिका पाहून तिला गोमांसाचा झटपट भात-वाडगा करायचा होता. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानं बंदी आली, २०१५ मध्ये बैल-वळूही त्यात आले. त्यामुळे आमच्याकडे प्रश्न मिटलेलाच होता. बोकडाचा खिमा आणला, दोनदा काढून घेतलेला, बारीक.

आपला हात सवयीनं आधी कांद्याकडे जातो. इथे तो आवरायचा. लोखंडी कढई धूर येईस्तोवर तापवायची, खिमा पसरायचा आणि थोडा वेळ ढवळायचाच नाही. सुटलेलं पाणी आटतं, चरबी तडतडते, कडा तांबूस होतात. सगळी चव या तांबूसपणात आहे. मग लसूण-आलं, सोया सॉस, तपकिरी साखरेऐवजी किसलेला गूळ. मीठ अजिबात नको, सॉस खारट असतो. कोरियन तिखट लालभडक पण सौम्य. आपली भिवापुरी मिरची मात्र निम्मीच पुरे. मिरची तिकडेही परदेशातूनच आलेली, आपल्यासारखीच. आज मात्र दोघांनाही ती आपल्याच परसातली वाटते. त्यांचं तिळाचं तेल भाजल्या तिळाचं, गडद. ते कुठून आणणार? तीळ खमंग भाजून खलबत्त्यात जाडसर कुटले. भंडाऱ्याकडचा चिन्नोर तांदूळ जरा मऊसर शिजवला. वर खिमा, पातीचा कांदा, लिंबू पिळलेली काकडी. जेमतेम अर्धा तास.

पण हा अर्धा तास मला फसवा वाटतो. कोरियात शिजवलेलं सोयाबीन कुटून त्याच्या विटा करतात, भाताच्या पेंढ्यानं बांधून टांगतात, बुरशी धरू देतात. मग मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवून महिनोन् महिने ठेवतात. वरचं पाणी म्हणजे सोया सॉस, खालचा गाळ म्हणजे त्यांच्या रोजच्या रश्श्याचा आधार. या रांजणविद्येला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. घाईच्या दिवशी बाईला वीस मिनिटांत जेवण वाढता यावं, म्हणून कुणीतरी मागच्या हिवाळ्यातच राबलेलं असतं. आपल्याकडे हे बळ कुरड्या, सांडगे, लोणच्यात आहे. सोयाबीनच्या वाट्याला ते कधी आलंच नाही. ते आलं नगदी पीक म्हणून, आणि नगदीच राहिलं. भाचीच्या बाटलीतही फारसा काळ मुरला असेल असं नाही. चायनीजच्या गाडीवर असते तसलीच ती, रंग बहुतेक कॅरॅमलचा. तरी काम भागलं.

आजीनं पहिला घास घेतला. "गोड काऊन केलं वं हे?" म्हणाली, आणि दुसरा घेतला. भाचीनं तिला विटांचं, बुरशीचं, रांजणांचं सांगितलं. आजीला बुरशीचं नवल वाटलं नाही, पावसाळ्यात ती आपोआपच येते. तिची शंका वेगळी होती.

"वर्सभर रांजन भरून ठेवाचे, त मंग सोयाबीनचा चुकारा कवा भेटते त्यायले?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी आजीला आणखी भात वाढला. तिनं भात बाजूला सारला आणि उरलेल्या खिम्यासाठी भाकर मागितली.