आधी माणसं, मग बाकडी

नोकरीसाठी शिळफाट्याला आलो, तेव्हा आमची मिस्सा भाड्याच्या एका खोलीत व्हायची. खाली जाजम, भिंतीवर क्रूस, वेदी म्हणून एक टेबल. बाहेर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाट चढायला निघालेले ट्रक गुरगुरत. कारखान्यांनी आणलेली माणसं होती आम्ही: वसईची, मंगळुरी, मल्याळी आणि नगरकडची. पुढे वर्गणी काढून हॉल बांधला. बाकडी लावून लोकांना तिथे रुळवायचं काम फादरनी माझ्यावर सोपवलं. ते निभावलं आक्कांमुळे.

आक्का नगरकडच्याच, हरेगावच्या, मतमाउलीच्या यात्रेत लहानाच्या मोठ्या झालेल्या. दर रविवारी जाजम त्याच झटकून अंथरत.

मी वसईचा. वरून ठरलं की खाली बदललं, एवढंच मला ठाऊक. डिसेंबर १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत बदल मंजूर केले आणि काही वर्षांत लॅटिन जाऊन मराठी आली, फादर आमच्याकडे तोंड करून मिस्सा करू लागले. माझी आजी मात्र पुढेही मिस्साभर रोझरीच म्हणत राहिली. तिची समजूत कुणी काढल्याचं मला आठवत नाही. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या बिशपांच्या बारा सूचना मान्य केल्या. जमिनीवर बसणं, चपला बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, तेलाचे दिवे, आरती हे सगळं त्यात होतं. मी ते वाचलं होतं. आक्कांच्या ते अंगवळणी पडलेलं होतं. म्हणून बाकडी येणार कळताच नगरकडच्या बायका गप्प झाल्या.

रिकाम्या हॉलमध्ये मी नकाशा उघडला. आक्का म्हणाल्या, "भाऊ, ते ठेव बाजूला. कोण कुठं बसतंय ते सांग आधी."

मला सांगता येईना. त्यांनी सांगितलं. एका काकांचा डावा कान गेलाय, ते डाव्या भिंतीलाच बसतात, म्हणजे उजवा कान वेदीकडे राहतो. दुपारच्या पाळीवाले दाराशी. लेकुरवाळ्या खिडकीखाली. नवरा गेल्यापासून एक बाई कुणाला तरी खेटूनच बसते, तिला एकटीला बाकड्याचं टोक देऊ नको. मी लिहीत गेलो.

पुढच्या भागात जाजम राहिलं, मागे बाकडी लागली. बारक्या पोरांना आणि भजन म्हणणाऱ्या बायकांना पुढची जागा मिळाली, गुडघे दुखणाऱ्यांना मागची. जुन्या खोलीतली शेवटची मिस्सा झाल्यावर तिथला क्रूस, समई, तबला लोकांनीच उचलून नव्या हॉलमध्ये नेला. काय कुणी न्यायचं, हेही आक्कांनीच ठरवलेलं. सगळ्यात जास्त कुरकुरणाऱ्या गृहस्थांच्या हाती क्रूस होता. महिन्याभरात तेच नवख्यांना जागा दाखवू लागले.

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी वेदी सरकवायची ठरली, तेव्हा तरुण मंडळी मोबाइलवर आराखडा घेऊन आली. मी त्यांना आधी दोन रविवार मागे उभं राहून कोण कुठे बसतं ते लिहायला लावलं. यादी पाहून त्यांनीच वेदी थोडी अलीकडे घेतली; व्हीलचेअरला वाट राहिली. आक्कांचं देणं मी असं हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. मुद्दल अजून तसंच आहे.