वहिवाटीचे अरण्य

मुक्काम बारिओ, सारावाक

तीर्थस्वरूप अण्णामामांस,


आपले पत्र मी इकडे निघण्यापूर्वीच पावले होते. उत्तर मात्र मुद्दाम लांबणीवर टाकले, कारण आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घरी बसून देण्याजोगे नव्हते. जेथे मोजणीची साखळी कधी पडली नाही, हद्दीचा दगड कोणी रोवला नाही आणि ज्याचा गावनकाशा कोणत्याही दप्तरात नाही, अशा अरण्यात एखादा मनुष्य ‘ही जागा आमची’ असे म्हणतो तेव्हा तो कशाच्या आधारे म्हणतो, असे आपण विचारले होते. उभे आयुष्य भूमी अभिलेखाच्या कामात वेचून आता निवृत्तीनंतर गडचिरोलीकडील ग्रामसभांना वनहक्काचे दावे तयार करण्यात साहाय्य करणाऱ्या मनुष्याचा हा प्रश्न आहे, हे मनाशी धरूनच मी या रानातून चाललो. आणि बातू लावी पर्वताच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आल्यावर, पाय अजून दुखत असतानाच, जे पाहिले ते क्रमाने लिहीत आहे.

बारिओ हे बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सारावाक राज्याच्या अंतर्भागात, इंडोनेशियाच्या सरहद्दीजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर वसलेले केलाबित लोकांचे खोरे आहे. बारीक, पांढऱ्याशुभ्र तांदळाबद्दल त्याची सर्व सारावाकात ख्याती आहे. १९४५ साली टॉम हॅरिसन हा ब्रिटिश अधिकारी जपान्यांविरुद्ध स्थानिक लोकांना संघटित करण्यासाठी याच मैदानावर हवाई छत्रीने उतरला होता. येथून रानवाटेने काही मुक्काम केले म्हणजे बातू लावीची जोडशिखरे दिसू लागतात. त्यांतले थोरले शिखर २०४६ मीटर उंच असून केलाबित आणि पेनान या दोन्ही लोकांना ते पूज्य आहे. माझ्याबरोबर दोन वाटाडे होते. एक मध्यम वयाचा, बारिओतच भातशेती करणारा केलाबित, ज्याला इंग्रजी उत्तम येत असल्यामुळे आमच्यातला दुभाषाही तोच झाला. दुसरा वृद्ध पेनान, ज्याचे बालपण आईबापांबरोबर या रानात मुक्काम हलवीत गेलेले होते. पेनानांपैकी बहुतेक कुटुंबे गेल्या दोन-तीन पिढ्यांत नदीकाठच्या वस्त्यांतून स्थिरावली आहेत आणि पूर्णपणे भटके असे आता फारच थोडे उरले आहेत. तथापि वस्तीत राहणाऱ्याचेही मन आणि पोट रानाशी बांधलेले असते, हे या वृद्धाच्या सहवासात मला पदोपदी जाणवत राहिले.

खोऱ्यातील शेते मागे पडली की प्रकाश एकाएकी ओसरतो. उंचच उंच वृक्ष, ज्यांच्या बुंध्यांशी भिंतीसारखी आधारमुळे पसरलेली असतात, वर आपल्या माथ्यांची सलग छत्री धरतात आणि खाली जमिनीवर दिवसाच्या मध्यान्हीही संध्याकाळचा मंद उजेड असतो. त्यामुळे खाली झाडोरा विरळ, पानांचा ओला थर जाड, आणि त्या थरातून जळवा डोके वर काढून माणसाच्या उष्णतेचा अदमास घेत असलेल्या. पहाटे गिबन वानरांची दीर्घ आरोळी या टेकडीवरून त्या टेकडीवर जाते. दुपार कलली की पाऊस येतो. आणि कधी दूरवरून शिरस्त्राणधारी धनेशाची एकेक हाक येऊ लागते, ती जलद होत होत अखेरीस हास्यासारख्या उद्रेकात संपते. वर चढत गेल्यावर हे उत्तुंग वृक्ष मागे पडून खुरटी, शेवाळाने मढलेली झाडी लागते आणि तिच्या फांद्यांवर कीटक धरणाऱ्या घटपर्णीचे घट लोंबताना दिसतात. हे सारे मनोहर आहे. पण एकट्या प्रवाशाला या मनोहरतेत पुढचे पाऊल कोठे टाकावे हे कळण्यास काहीही साधन नाही, कारण येथे क्षितिज दिसत नाही, सूर्य दिसत नाही, आणि पाहावे तिकडे सारखीच झाडे आहेत. कोणी मनुष्य येथे कधी आलाच नसावा, अशी समजूत होण्यास याहून अनुकूल स्थळ नाही. आणि ही समजूत किती निराधार आहे, हे मला त्या वृद्धाच्या मागे चालल्यामुळेच कळले.

तो पुढे चाले, हातात कोयता, पाठीवर वेताची परडी, पाय अनवाणी. आणि चालताना अधूनमधून थांबून हात न उचलता केवळ हनुवटीने एखादी जागा दाखवी. एका ओढ्याशी पोहोचलो तेव्हा त्याने त्याचे नाव सांगितले, आणि ते ज्या फळझाडावरून पडले ते झाड, आता अर्धे कुजून आडवे झालेले, वरच्या वळणावर नेऊन दाखविले. पुढल्या ओढ्याला एका शिकारीची आठवण चिकटलेली होती. त्या ओढ्याच्या पुढच्या धारेवर वृद्धाच्या आजोबांचा मुक्काम असे. एका ठिकाणी मात्र तो काही न बोलता वाट सोडून लांबून वळसा घेऊन गेला, आणि तेथे आप्ताला मूठमाती दिलेली आहे, एवढेच केलाबिताने मला हळू आवाजात सांगितले; मृताचे नाव उच्चारण्याचा प्रघात त्यांच्यात नाही, आणि कोणी दगावले की तो मुक्काम सोडून पुढे निघून जाण्याची रीत आहे. अशा रीतीने दिवसभर चालल्यानंतर माझ्या ध्यानी आले की ज्याला मी निर्जन अरण्य समजत होतो, त्यात बिनानावाचा असा एकही ओहोळ आम्ही ओलांडला नव्हता. आपण ज्याला चतुःसीमा म्हणता, त्या येथे दगडांनी ठरत नसून पाणलोटांनी ठरतात, आणि त्या लिहिलेल्या नसून चालणाऱ्यांच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या आहेत.

या स्मरणाला निरोपांचीही जोड आहे. वाटेच्या फाट्यावर जमिनीत रोवलेली एखादी काठी, तिच्या खाचेत घडी घालून अडकविलेले पान, तिला टेकविलेली बारीक काटकी, हे पुढे गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांसाठी ठेविलेले पत्रच असते. कोणत्या दिशेने गेलो, मागोमाग यावे की थांबावे, अन्न मिळाले की उपाशी आहोत, हे सर्व त्यातून कळते. या पद्धतीला पेनान ‘ओरो’ म्हणतात. जुनी, सुकलेली अशी एक खूण दिसताच वृद्धाने ती बराच वेळ न्याहाळली. मग तिच्याशेजारी आपली एक काठी रोवून, आम्ही कोणीकडे चाललो आहोत ते तिच्या कलावरून सूचित करून, तो पुढे निघाला.

परंतु आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला मिळाले ते उतारावरील एका साबुदाण्याच्या ताडापाशी. हा डोंगरी ताड, ज्याला ते ‘उवुत’ म्हणतात, एकाच बुडापासून अनेक खोडे काढतो. पक्व झालेले खोड तोडून, उभे चिरून, आतला गाभा कुटून मोकळा करतात. मग तो वेताच्या चटईवर घेऊन, वर पाणी ओतीत, पायांनी तुडवितात, म्हणजे पिष्ट खालच्या घट्ट विणीच्या चटईत निवळून बसते. भात नव्हता तेव्हा हेच त्यांचे मुख्य अन्न होते. वृद्धाने त्या बेटातील एक खोड हाताने थोपटून पाहिले, लहान खोडांभोवतीचे वेल कापून काढले, आणि काहीच न तोडता तो वळला. याचे कारण विचारता त्याने सांगितले की हे बेट त्याच्या चुलतभावाच्या घराण्याने राखून ठेवलेले आहे. खोड अजून भरलेले नाही. आणि भरले तरी त्यांना विचारल्यावाचून हात लावणे योग्य होणार नाही. एखादे झाड, एखादे ताडाचे बेट, एखादा पाणलोट पुढील काळासाठी जपून ठेवण्याच्या या प्रथेचे नाव ‘मोलोंग’ आहे. जपणाऱ्याचा अधिकार सर्वांना ठाऊक असतो, तो पित्याकडून पुत्राकडे, आईकडून लेकीकडे जातो, आणि त्याबरोबर जपण्याचे कर्तव्यही जाते.

वाटेत त्यांच्या फुंकनळीच्या बाणांना लागणारे विष ज्याच्या चिकापासून निघते तो वृक्षही पाहिला, आणि त्याचे शास्त्रीय नाव अँटिआरिस टॉक्सिकारिया आहे हे लक्षात येताच अपरिमित आनंद झाला. कारण हाच वृक्ष आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर चांदकुडा म्हणून उभा असतो आणि त्याच्या सालीच्या पूर्वी अखंड पिशव्या करीत. येथल्या वृक्षाच्या बुंध्यावर चिरा घेतलेल्या होत्या, पण त्या एकाच बाजूस, आणि जुन्या चिरा भरून आल्यावाचून नव्या पाडावयाच्या नाहीत, असे वृद्ध म्हणाला. त्या संध्याकाळी केलाबिताने शिजविलेला भात आणि वृद्धाने पाण्यातून काढलेले लहान मासे यांचे तिघांत अगदी समान वाटे झाले. मिळालेले समान वाटणे हा पेनानांचा असा नियम आहे की त्याचा भंग हाच त्यांच्या लेखी मोठा अपराध.

आता ज्या गोष्टीने मन व्यथित झाले ती लिहितो, आणि ती आपल्या खात्याच्या विषयातली असल्याने आपणांसच ती पूर्णपणे समजेल. सारावाकचा जमीन कायदा १ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. मूळ रहिवाशांचा रूढीने चालत आलेला हक्क त्यात मान्य आहे. परंतु तो सर्वसाधारणपणे त्या तारखेपूर्वी निर्माण झालेला असला पाहिजे, आणि तो निर्माण होण्याचे जे मार्ग कायद्याने गणले आहेत, त्यांत पहिला मार्ग अस्पर्श अरण्य तोडून ती जमीन कब्जात घेणे हा आहे. त्यानंतर फळझाडे लावणे, जमीन कसणे, स्मशान किंवा देवस्थान म्हणून तिचा उपयोग करणे, वहिवाटीचा रस्ता, असे मार्ग येतात. माझ्या दोन वाटाड्यांपैकी केलाबिताच्या शेताला या कलमांचा आधार मिळू शकतो, कारण त्याच्या पूर्वजांनी झाडे पाडून भात पिकविला. ज्याच्या पूर्वजांनी झाड पाडलेच नाही, नांगर धरला नाही, मृताला भूमीत ठेवून तो मुक्काम सोडून दिला, त्या पेनानाने आपल्या कब्जाचा कोणता पुरावा हजर करावा? ज्याने कुऱ्हाड चालविली त्याचा हक्क सिद्ध व्हावा आणि ज्याने कुऱ्हाड आवरली त्याची जमीन बेवारस ठरून लाकूडतोडीच्या मक्त्यात जावी, ही न्यायाची उलटापालट आहे. आणि ती कोणा एका अंमलदाराच्या दुष्टपणामुळे झालेली नसून, शेती हीच मालकीची मुख्य खूण होय, अशा गृहीतातून झालेली आहे.

याचे परिणाम व्हावयाचे तेच झाले. बराम आणि लिंबांग या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत तोडीचे रस्ते शिरले, ओढे गढूळ झाले, ताडांची बेटे चिरडली गेली. तेव्हा १९८७ साली पेनान स्त्री-पुरुष, लेकरांसह, लाकडांचे अडसर घालून त्या रस्त्यांवर जाऊन बसले. सरकारने त्याच वर्षी वनकायद्यात दुरुस्ती करून असा अडथळा करणे हाच गुन्हा ठरविला आणि अनेकांना अटक झाली. तरीही त्यांनी आपली बाजू सोडली नाही. पुढे त्यांनी गावोगावच्या वृद्धांना बरोबर घेऊन, ओढा-ओढा आणि धार-धार फिरून, आपल्या प्रदेशाचे नकाशे स्वतः तयार केले, आणि २०१७ साली साठांहून अधिक वस्त्यांच्या श्रमांचे फळ असा तेवीस नकाशांचा संच प्रसिद्ध झाला, ज्यात हजारो ओढ्यांची नावे उतरलेली आहेत. २०१८ मध्ये कायद्यातही काही पालट होऊन सामुदायिक प्रदेशाला पट्टा देण्याची सोय झाली. मात्र त्याची मर्यादा सामान्यतः ५०० हेक्टर, आणि विशेष बाबतीत १००० हेक्टर अशी आखलेली आहे. ज्यांचा संसार एका संपूर्ण पाणलोटावर उभा आहे, त्यांना एवढे क्षेत्र कसे पुरावे, हे आपल्यासारख्या क्षेत्रफळाच्या जाणकाराला सांगणे नलगे.

आपल्या देशाचा वनहक्क कायदा २००६ चा. आणि त्याच्या नियमांतील तेरावा नियम मी येथे बसून पुन्हा एकदा मनाशी आठवला. शासकीय नोंदी, नकाशे, परवाने यांच्या बरोबरीने, दावेदाराहून अन्य अशा वडीलधाऱ्या मनुष्याचे लेखी नोंदविलेले कथनही पुरावा म्हणून ग्राह्य धरावे, असे त्यात म्हटले आहे. गडचिरोलीकडील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेस २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामुदायिक हक्क मिळाला, तो ज्या कायद्याखाली मिळाला त्यात राखणे, जोपासणे आणि व्यवस्थापन करणे हाही हक्काचाच भाग मानलेला आहे. अण्णामामा, या वृद्ध पेनानाच्या मागून चालल्यावर त्या एका नियमाचे मोल माझ्या मनात शतपटीने वाढले. सारावाकच्या रानात जे द्वार शोधावे लागते, ते आपल्याकडे कायद्यानेच उघडे ठेवलेले आहे. त्यातून आत जावयाचे एवढेच उरले आहे.

म्हणून आपणांस एक नम्र विनंती आहे. दाव्याच्या कामी गावातील म्हाताऱ्यांचे कथन आपण घेताच. ते चावडीवर किंवा ओसरीवर बसून घेतलेले असते, आणि अशा वेळी मनुष्य विचारले तेवढेच सांगतो, तेही संकोचाने. या वृद्धाला मी बारिओत बसवून प्रश्न विचारले तेव्हा त्याने दोन-तीन ओढ्यांची नावे सांगितली आणि तो गप्प झाला; त्याच वृद्धाच्या मागे रानात चालू लागलो तेव्हा प्रत्येक वळणावर त्याचे स्मरण जागे होत गेले, कारण त्याची साक्ष त्याच्या जिभेवर नसून त्या वाटेवर होती. तेव्हा यापुढे आपण ग्रामसभेच्या लोकांना सांगावे की वडीलधाऱ्यांना पुढे घालून, त्यांच्या चालीने, त्यांनी थांबावे तेथे थांबत, संपूर्ण हद्द पायी फिरावी. लिहिणारा एक तरुण त्यांच्यामागून असावा. आणि कोणते मोहाचे झाड कोणी राखले, कोणत्या नाल्याचे नाव कशावरून पडले, कोठे देव आहे आणि कोठे पूर्वज आहेत, हे जागच्या जागी टिपले जावे. असे केलेले कथन कोणत्याही समितीसमोर अधिक भक्कम ठरेल, असा मला विश्वास वाटतो. हे काम पावसाळ्यानंतर लगेच हाती घ्यावे. म्हाताऱ्यांचे पाय चालते आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.

मामींस सा. नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक भाचा