ज्ञानाचं मूल्यमापन

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात शेवटची दोन कपाटं प्रबंधांची असतात. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आणि एकदा व्हायवा झाली की पुन्हा कुणी हात लावत नाही. मी बरीच वर्षं ट्यूटर होते. त्यांतल्या काहींवर गाईड म्हणून माझं नाव आहे. शीर्षकं पाठ झाली आहेत. निवडक गावांतील गरोदर मातांच्या रक्तक्षयाविषयीच्या ज्ञानाचे मूल्यमापन. किशोरींच्या मासिक पाळीतील स्वच्छतेविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. गावाचं नाव बदलायचं, रोगाचं नाव बदलायचं, की नवा प्रबंध तयार. पद्धतही ठरलेली: तीस प्रश्नांचं टूल, आधी एक चाचणी, मग पाऊण तास तक्ते दाखवून शिकवायचं, सात दिवसांनी तीच चाचणी पुन्हा. गुण वाढतात. वाढणारच, शिकवणारी समोर बसलेली असते आणि प्रश्न तेच असतात. निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक आढळला.

या सगळ्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. बाईचा आजार तिच्या अज्ञानात आहे. ती शहाणी झाली की हिमोग्लोबिन वाढेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. मधल्या काळात बायका आणखी अडाणी झाल्या, असं तर कुणी म्हणणार नाही ना?

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ते गृहीतक जास्तच उघडं पडतं. आमच्याकडे धडगाव भागातली एक पावरा आदिवासी मुलगी शिकायला होती. रक्तक्षयाचंच टूल घेऊन ती आपल्याच बाजूच्या पाड्यांवर गेली. छापील प्रश्न शुद्ध मराठीत, 'लोहयुक्त आहाराचे दोन स्रोत सांगा' या वळणाचा. तिनं तो पावरीत विचारला. समोरच्या बाईनं पहिल्या पावसानंतर डोंगरावर उगवणाऱ्या चार-पाच रानभाज्यांची नावं धडाधड घेतली. उत्तरसूचीत होतं पालक, मेथी, बीट, सफरचंद. रानभाज्या सूचीत नव्हत्या, म्हणून गुण शून्य. मग त्या बाईनंच उलटा प्रश्न केला, डिलिव्हरीला गाडी कुठवर येते? हा प्रश्न लिहायला कागदावर जागा नव्हती. मुलीनं तो कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहून आणला. अख्ख्या प्रबंधातलं संशोधन म्हणावं असं एवढंच होतं, असं मला वाटतं. सातपुड्यात सिकलसेल किती घरांत आहे हे इथल्या प्रत्येक नर्सला ठाऊक असतं, आणि त्यात तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात. बीटाची चित्रं दाखवून त्या थांबत नाहीत.

बाईच्या प्रश्नापासून सुरू होणारं, म्हणजेच स्त्रीवादी संशोधन म्हटलं की आमच्या मुली पुण्या-मुंबईकडे किंवा थेट परदेशाकडे बघतात. मला मात्र शहादा आठवतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, अंबरसिंग महाराजांच्या पाठीशी भूमिहीन भिल्ल मजूर उभे राहिले. श्रमिक संघटना झाली. जमिनीची आणि मजुरीची लढाई चालू असतानाच बायकांनी आपली शिबिरं भरवली, दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले, मडकी फोडली. नवऱ्याचा मार हा घरचा मामला नाही हे त्यांनी चावडीवर सांगितलं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या चळवळीवर १९७६ मध्ये सविस्तर लेख लिहिला. मीस त्याआधी पुण्यात जर्मन शिकवत होत्या. शहाद्यावरच्या लेखानंतर दोनेक वर्षांनी त्यांनी स्त्रीवादी संशोधन कसं करावं याची सूत्रं मांडली, आणि ती जगभरच्या अभ्यासक्रमांत गेली. संशोधकानं तटस्थ असल्याचा आव आणू नये, बाईच्या बाजूनं उभं राहावं. वरून न्याहाळण्याऐवजी खालून पाहावं. आणि एखादी गोष्ट खरंच समजून घ्यायची असेल तर ती बदलायला हात घालावा. सूत्रांचा उगम शहाद्यात झाला असं मी म्हणत नाही. पण त्या बाईंनी शहादा पाहिला होता, आणि नंदुरबारच्या कॉलेजातल्या मुलीला ते कुणी सांगत नाही.

खालून पाहिलं की काय दिसतं याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण गडचिरोलीचं. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, आणि तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधांतून होणारा आजार होता, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारची समजूत होती. पुढे मुंबईच्या 'सेहत' संस्थेनं नाशिक जिल्ह्यात घरोघरी जाऊन केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यात पद्धतच शिकण्यासारखी आहे. आजारी आहात का, असं विचारलं की बायका नाही म्हणतात. कंबर दुखते का, अंगावरून जातं का, चक्कर येते का, असं एकेक विचारत गेलं की आजारांची यादी लांबत जाते. आमच्या खानदेशात 'काय व्हयनं माय?' असं विचारलं तर 'काही नही' हेच उत्तर येतं. त्यापुढे थांबून राहणं, पुढचा प्रश्न विचारणं, ही कला नर्सच्या हातात असायला हवी. आम्ही तिच्या हातात उत्तरसूची देतो.

आता त्या नर्सकडेच वळते, कारण प्रबंधांच्या त्या दोन कपाटांत ती जवळजवळ नाहीच. अदिती अय्यर आणि अमर जेसानी यांचा ग्रामीण महाराष्ट्रातल्या एएनएमवरचा, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सवरचा, अभ्यास १९९५ साली आला. एकटीनं परक्या गावात राहणं, बिनकडीचं क्वार्टर, वाहन नाही, कुटुंबनियोजनाच्या टार्गेटचा तगादा, पुरुषांचा त्रास, हे सगळं त्यांनी नीट मांडून ठेवलं. टार्गेट १९९६ मध्ये कागदावरून गेलं. बाकीचं किती गेलं ते अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातल्या कुठल्याही सिस्टरला विचारावं. डोंगरी आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा नियम आहे. सपाटीवर ५०००. ऐकायला उदार वाटतं. पण हे ३००० लोक एका ठिकाणी राहत नाहीत, पाड्यापाड्यांवर विखुरलेले असतात, आणि सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून नर्मदाकाठचे काही पाडे बोटीशिवाय गाठता येत नाहीत. म्हणून तिथं तरंगता दवाखाना चालवावा लागला. रस्ता संपतो तिथून बाईला बांबूच्या झोळीतून आणतात, आणि सिस्टर मागून पायी. त्या सिस्टरला कंबरदुखी आहे का? दिवसभराच्या फिरतीवर लघवीला जायला जागा नाही म्हणून ती पाणी पीत नाही का? त्यानं तिला जळजळ होते का? आरसीएच रजिस्टरमध्ये हा रकाना नाही, आणि कुठल्या प्रबंधातही नाही.

नर्स स्वतःविषयी गप्प राहते, त्यात शपथेचाही भाग असावा. लॅम्प लायटिंगच्या दिवशी मुली नाइटिंगेलच्या नावानं जी शपथ घेतात ती नाइटिंगेलनं लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटला तयार झाली, आणि डॉक्टरशी निष्ठेनं वागण्याचं वचन तिच्यात घातलं गेलं. खुद्द नाइटिंगेल अशी गप्प राहणारी नव्हती. क्रिमियातले सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले हे तिनं आकडे मांडून सरकारच्या तोंडावर ठेवलं.

आशाताईंचं स्थान तर आणखी खाली. २००५ पासून त्या आहेत, स्वयंसेविका म्हणून, कामागणिक मोबदल्यावर. मीसबाईंनी १९८२ मध्ये आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. दिवसभर विणूनही त्यांचं काम फावल्या वेळचं समजलं जाई. आशा भरपावसात घाट उतरते तेही कागदोपत्री असंच काहीतरी असतं. संप केले, मोर्चे काढले, तेव्हा मोबदला थोडा वाढला.

इकडची एक गोष्ट पुस्तकी स्त्रीवाद्यांना चकवते. एरनराइक आणि इंग्लिश या अमेरिकी लेखिकांनी १९७०च्या दशकात चेटकिणी, सुईणी आणि परिचारिका यांना एका धाग्यात गुंफणारी पुस्तिका लिहिली. नंतरच्या इतिहासकारांनी तिच्यातल्या बऱ्याच दाव्यांवर आक्षेप घेतले, ते असू दे. पण युरोपात जो इतिहास झाला तो सातपुड्यात अजून चालू आहे. मूल दगावलं, कारण कुणी सांगितलं नाही, की बोट एखाद्या बाईकडे वळतं आणि ती डाकीण ठरते. बहुतेकदा विधवा, एकटी, नावावर थोडी जमीन असलेली. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, अंनिसचे कार्यकर्ते फिरतात. तरी मला वाटतं, मूल न्यूमोनियानं गेलं की सिकलसेलनं, हे त्याच्या आजीला तिच्या भाषेत बसून सांगणारी नर्स हेही डाकीणप्रथेविरुद्धचं काम आहे. त्यासाठी तिला वेळ हवा, भाषा हवी, आणि कारण तिला स्वतःला कळवलेलं हवं. माता मृत्यूच्या चौकशीत तिला बोलावतात ते बहुधा जाब विचारायला.

ती धडगावची मुलगी आता एका उपकेंद्रात आहे. होळीला ऊसतोडीहून माणसं परततात तेव्हा तिला सातव्या महिन्याच्या, गुजरातेत कुणीच न तपासलेल्या बायका एकदम भेटतात. ती पुढचं शिक्षण घेणार आहे, विषय सुचवा म्हणाली. मी फोनवरच शीर्षक सांगितलं: धडगाव तालुक्यातील पाड्यांविषयी आरोग्य यंत्रणेच्या ज्ञानाचे मूल्यमापन. प्रश्न तीसच ठेव. पावसाळ्यात कुठला पाडा तुटतो? ऊसतोडीला बायका कोणत्या महिन्यात जातात, कुणाच्या टोळीत? गाडी कुठवर येते? सिस्टर लघवीला कुठं जाते? उत्तरं अधिकाऱ्यांकडून घे, आणि सात दिवसांऐवजी एक पावसाळा गेल्यावर पोस्ट टेस्ट घे.

ती हसली. "मॅडम, टूल व्हॅलिडेट करायला पाच तज्ज्ञांच्या सह्या लागतात. कोण देणार?"

दोन मी मिळवून देते म्हटलं. उरलेले तीन तज्ज्ञ तुझ्याच पाड्यावरच्या दाया. त्यांचे अंगठे चालतील का, तेवढं विद्यापीठाला लेखी विचार.