पाय टेकण्याची कला

कापडे हें आमचें गांव पोलादपूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत आहे. येथें सपाट जागा म्हणजे भाताचीं खाचरें, आणि तींही पायऱ्यांसारखीं एकाखालीं एक. अशा मुलखांतील मनुष्यास उडत्या यंत्राविषयीं पहिला प्रश्न सुचतो तो हा, कीं तें उतरणार कोठें? वाङ्मय शिकवितांना इंग्रजी कवींचे पक्षी आम्हीं वर्गांत पुष्कळ उडविले. उतरणाऱ्या पक्ष्याकडे मात्र आम्हीं फारसें पाहिलें नाहीं.

चिनूक नांवाचें अजस्र हेलिकॉप्टर भारतीय वायुदलांत मार्च २०१९ मध्यें चंदीगड येथें दाखल झालें. त्याला पुढें एक व मागें एक असे दोन पंखे असून प्रत्येकाचा व्यास ६० फूट आहे. ते परस्पर उलट फिरतात. त्यामुळें एकाचा पीळ दुसरा मोडतो आणि शेपटीच्या पंख्याचें कारण उरत नाहीं. वैमानिकाच्या उजव्या हातीं दिशेचा दांडा, डाव्या हातीं उचल कमीअधिक करणारी तरफ आणि पायांखालीं दोन पेडलें असतात. दांडा पुढें लोटला, कीं मागच्या पंख्याची उचल वाढते, पुढच्याची घटते आणि नाक झुकतें. पेडल दाबलें, कीं दोन पंखे विरुद्ध बाजूंस कलतात व सबंध धूड जागच्या जागीं वळतें.

चाकें भुईला लागलीं म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हे. पंखे फिरत आहेत तोंवर हात सावधच हवा. डोंगरउतारावर तर वैमानिक केवळ मागचीं चाकें टेकवितो, पुढचा भाग दरीवर अधांतरीं तोलून धरतो, आणि मागच्या दारानें माणसें आंत चढतात. अर्धें यंत्र भुईवर, अर्धें हवेंत!

२२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत आमच्या तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. रस्ते तुटले, कीं लोक आकाशाकडे पाहतात. परंतु खोऱ्यांत ढग बसले, कीं आकाशाचीही वाट बुजते. ढग हटले तरी खाचराभोवतीं सुटे पत्रे असले, वर तारा आडव्या असल्या, गर्दी धांवत सुटली, तर त्या पंख्यांचा वाराच नवा अनर्थ करील.

तेव्हां वैमानिकाचें कौशल्य तें वैमानिकापाशीं. भुई तयार ठेवणें हें गांवाचें काम आहे. प्रत्येक वाडीनें पावसाळ्यापूर्वीं एक जागा ठरवावी, ती मोकळी राखावी आणि यंत्र उतरतांना दूर कसें उभें राहावें हें पोरांस शिकवावें. आणि जी वाडी दरडीखालीं आहे, तिनें यंत्राची वाट न पाहतां, पायवाट शाबूत आहे तोंवरच घर सोडावें.