कऱ्हेकाठचे घर, नीरेकाठचे स्नेही

२०२६ सालचा प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस सलग मोकळे मिळाले. अशा जोडसुट्टीत पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे महाबळेश्वर किंवा कोकण गाठतात. परंतु ज्या घराण्यांची मूळ पेढी बारामतीच्या पेठेत वा इंदापूरच्या बाजारात आहे, त्यांना घराची ओढ अधिक असते. थोरले काका-काकू अजून तेथेच राहतात, पेढीचे दार रोज तेच उघडतात. बाकीची भावंडे पुणे, सोलापूर, मुंबई येथे व्यवसायात स्थिरावलेली. चुलत, आते, मामे अशी पंचवीस-तीस माणसे एका छपराखाली येतात, तेव्हा अंथरुणे कमी पडतात आणि त्याची कोणाला तक्रार नसते.

सुट्टीचा बेत घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पंचांग पाहून ठरवतात. यंदा सोमवारी माघ शुद्ध अष्टमी. त्या दिवशी हिरवे वर्ज्य. म्हणून हुरडा शनिवारीच उरकायचा. चौविहार पाळणाऱ्यांसाठी सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले गेले पाहिजे, म्हणजे फिरणेही त्या हिशेबानेच. एवढ्या माणसांचा स्वयंपाक दोघी-तिघींवर पडू नये, यासाठी अलीकडे पुष्कळ घरांत कामाच्या पाळ्या लावल्या जातात आणि सकाळची न्याहारी पुरुष मंडळींकडे सोपवली जाते. सुट्टी सुनांचीही असते, हा विवेक उशिरा आला, पण आला.

शनिवारी जिनदर्शन आटोपले की मुलांना घेऊन कऱ्हेकाठी फेरफटका होतो. तेथे बाबूजी नाईकांचा वाडा उभा आहे. नाईक हे पेशवाईतील मातब्बर सावकार. पेशव्यांना कर्ज देणारे आणि त्यांच्या घराण्याशी सोयरीक असलेले. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेले कविवर्य मोरोपंत त्यांच्याच आश्रयाने बारामतीस राहिले, येथेच त्यांनी हजारो आर्या रचल्या आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. नाईकांनी किती रकमा कोणाला दिल्या, हे आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणी विचारत नाही. कवीला आसरा दिला, एवढे मात्र शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. व्यापारी घरातील मुलांनी हा वाडा पाहावा तो यासाठी.

दुपारी गाड्या निघतात त्या स्नेह्यांच्या मळ्याकडे. हे स्नेही शेतकरी आहेत. नात्याचे नाहीत, गोत्याचे नाहीत. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या असतात, ज्वारीची कोवळी कणसे भाजली जातात आणि तळहातावर चोळून गरम दाणे पाहुण्यांपुढे येतात. सोबत गूळ, खोबरे, कारळ्याची चटणी. हुरड्यासोबत एरवी लसणाची चटणी असायची. पण या दिवशी पाट्यावर आधी बिनलसणाची वाटली जाते, आणि त्यासाठी पाटा रात्रीच धुऊन ठेवलेला असतो. कोणी सांगावे लागत नाही. घरची म्हातारी माणसे एकमेकांना ‘शेठ’ आणि ‘तात्या’ म्हणून हाक मारतात. पुण्याहून आलेला नातू हळूच विचारतो, “हे आपले कोण?” काका म्हणतात, “घरचेच.”

हे उत्तर मुलाला पुरत नाही, आणि तो त्याचा दोष नव्हे. ‘घरचेच’ या शब्दामागे या मुलखाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा व्यवहार आहे. इंग्रजी अमदानीत भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. उसामागे गुऱ्हाळे आली, गुऱ्हाळांमागे गुळाची पेठ. १९१४ साली दौंड-बारामती नॅरोगेज रेल्वे सुरू झाली व पेठेतील मालाला आणखी एक वाट मिळाली. शेतकरी ढेपा आडतीत आणून टाकी. लिलाव, तोल, हमाली होऊन हिशोबाची पट्टी हातात पडे. मधल्या काळात बियाणे, लग्नकार्य, दुखणे यांसाठी आडतदार उचल देई. कागद थोडा, शब्द मोठा. भाव, घट आणि व्याज यांवरून खटके उडतच. तरीही पाऊस रुसलेल्या वर्षाची बाकी पुढल्या वहीत ओढली जाई. १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे वृद्ध आजही आवाज खाली आणून बोलतात.

रविवारी पहाटे भिगवण. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर दूरवर पसरले. सुपीक जमिनी व जुनी गावठाणे पाण्याखाली गेली; पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले म्हणजे पुन्हा दिसू लागते. ज्या कुटुंबांची शेते बुडाली, त्यांच्या हिश्श्याचे ते नुकसान होते. तो जलाशय नुसता शोभेचा मानून पाहू नये. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. कुंभारगावच्या काठावरून होडीतून ते दाखवणारे बहुतेक नावाडी मासेमार कुटुंबांतले आहेत. जिवंत पक्षी दाखवून चार पैसे मिळतात, म्हणून त्यांना जपण्यात त्यांचाही लाभ आहे. अहिंसेला उपजीविकेचा आधार मिळाला की ती कशी टिकते, हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते. भिगवणची खानावळ माशांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे डबा घरचाच न्यावा.

तेथून सोलापूर महामार्गाने इंदापूर गाठता येते. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले येथील लढाईत धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मृतीची गढी गावात आहे. परतीची वाट निमगाव केतकीच्या पानमळ्यांजवळून जाते, आणि जंक्शन नावाच्या गावापासून वळले की वालचंदनगर येते.

सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९५३ मध्ये ते गेले. पुढे त्याच गावच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडू लागले. हाताशी वेळ असेल तर नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात दहिगावचे भगवान महावीरांचे अतिशय क्षेत्र आहे. ब्रह्मचारी महतीसागर यांनी मराठीत जैन काव्य लिहिले, त्यांचे नाव या क्षेत्राशी जोडलेले आहे. दर्शन घेऊन सूर्यास्तापूर्वी पानावर बसता येईल, अशा बेताने निघावे.

सोमवारी अष्टमी. कोणाचा उपवास, कोणाचे एकासन. बाकीच्यांना मूग आणि भाकरी. ध्वजवंदन करून मुले परतली की मोठ्यांची बैठक बसते. विषय जुनाच असतो: काका-काकूंनंतर पेढी कोण उघडणार? वाडा पाडून इमारत बांधावी, की गाळे भाड्याने द्यावेत? उत्तर प्रत्येक घराचे वेगळे येते, आणि पेढी बंद करण्याचा निर्णय झाला तरी त्यात कमीपणा नाही. बारामतीचा व्यापार पूर्वीसारखा आडतीवर उभा नाही, मुलांचे शिक्षण वेगळ्या दिशेला गेले आहे. जागेची किंमत लावता येते, वाटणीही करता येते. मळ्यावरच्या त्या घराशी असलेल्या संबंधाची वाटणी मात्र होत नाही. तो ज्याने त्याने भेटून मिळवायचा असतो, आणि भेट घडवून आणणारा मधला माणूस आता पंचाहत्तरीत आहे.

म्हणून बैठक उठण्यापूर्वी एक काम करावे. काकांनी कपाटातून जुनी खतावणी काढावी, नातवंडांपैकी थोरल्याने वही-पेन घेऊन शेजारी बसावे, आणि गावागणिक नावे उतरवावीत: कोणाशी व्यवहार होता, कोणाच्या लग्नात कोण गेले होते, त्या घरात आज कोण आहे. दोन तासांत पंधरा-वीस नावे होतात. मग त्यांतील पहिल्या घरी जाण्याचा दिवस, पुढल्या जोडसुट्टीची तारीख पाहून, तेथल्या तेथे लिहून टाकावा.